मच्छरदाणीत उघडलेली रील

शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उघडली, की आजही क्षणभर माझा श्वास अडकतो.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्याच आठवड्यात बाबांनी त्यांची मासे धरायची रील माझ्यापुढे ठेवली. "तू शिकेल आहे, तूच खोल." आत वाळू जाऊन ती करकरत होती. तिची बारीक स्प्रिंग उडून हरवली असती, तर मेहकरात दुसरी मिळाली नसती आणि बाबांचं धरणावर जाणंच संपलं असतं. म्हणून दरवर्षी ती खोलताना ते मच्छरदाणी लावून आत बसायचे. त्या वर्षी दोघं बसलो.

"मच्छरदाणीत मासे धरता काय बापलेकी?" माय बाहेरून हसली.

"पंखा बंद कर अन् चूप राह्य!" बाबा ओरडले.

स्क्रू निघताच स्प्रिंग टिक् करून उडाली. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. पुसायला घेतलेल्या रॉकेलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. स्प्रिंग जाळीला अडकलेली दिसली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. चाकांचे दाते पुसले, शिलाई मशीनचं थेंबभर तेल सोडलं, झाकण बसवलं. हँडल बिनआवाज फिरलं.

माझ्या पदवीचा मान म्हणून ते काम मला दिलं, असं मी कित्येक वर्षं अभिमानानं सांगत आले. बाबांचे हात कापायला लागले होते, हे आता सुईत दोरा ओवताना माझीच बोटं थरथरतात तेव्हा कळतं.

त्या दिवशी रील हातात न घेताच बाबा म्हणाले, "उद्या धरणावर तू बी चाल. गळ तू टाक. कुठं टाकाचा, ते मी सांगतो."