एक माप मोठे टायर

आमची हायब्रिड गाडी बॅटरीवर चालायला लागली की आत कोणी चॉकलेटचा कागद सोडला तरी ऐकू येतो, इतकी ती शांत होती. होती, असंच म्हणायला हवं. मला त्या शांततेचं कौतुक फक्त लोकांना सांगण्यापुरतं. तिचा खरा उपयोग माझ्या वडिलांना, नानांना होता. नाना कानाला मशीन लावतात. त्या मशीनला माणूस आणि मिक्सर यांतला फरक कळत नाही, सगळंच सारख्या जोरात कानात ओततं. म्हणून घरात, लग्नात, एसटीत नाना गप्प असतात.

ते राहतात धुळ्याजवळच्या आमच्या गावी. कान दाखवायला जळगावला यायचे आणि मी त्यांना गाडीने परत सोडायचो. एरंडोल येईपर्यंत नानांना कंठ फुटलेला असायचा. कोणत्या भावकीत कशावरून वाजलं, आई नवी नवरी असताना भाकरी थापायला कशी लाजायची, सगळं निघायचं. जन्मभर माझ्याशी कामापुरतं बोललेला माणूस त्या सीटवर बसला की आपणहून बोलायचा.

मग टायर झिजले.

आमच्या शेतरस्त्याला गाडीचं पोट दगडांना घासायचं. या वेळी टायर जरा उंच घ्यायचे, असं मी मनाशी ठरवूनच दुकानात गेलो. कंपनीचं माप होतं १८५/५५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के त्याची उंची, एवढं मी मोबाइलवर वाचून पाठ केलं होतं. मी १९५/६० मागितले, तेही जाड नक्षीचे. दुकानदाराने एक चाक चढवलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहिलं आणि म्हणाला, "बसतील. ॲव्हरेज थोडं पडेल. आवाज वाढेल, पण दोन दिवसांत कानाला सवय होते."

कान दाखवून झालेले नाना बाहेर खुर्चीवर बसले होते. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "कंपनीनं जे दिधं ते काय वाईट शे?" मी हसून विषय उडवून लावला. शेतरस्त्याचं कारण खोटं नव्हतं, पण शेतात मी जातो किती? खरं म्हणजे शेजाऱ्याच्या दांडग्या गाडीपुढे आपली बसकी दिसते, हे मला खुपत होतं. आणि आवाजाबद्दल दुकानदार सांगत होता तेव्हा मी फक्त माझ्या कानांचा विचार केला.

हायवे आता सिमेंटचा झालाय. नानांना गावी सोडायला निघालो तर नव्या टायरांनी त्यावर एकसारखी घरघर लावली. पारोळ्याच्या पुढे मी तो विषय काढला, ज्याची मला धास्ती होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आम्हा खान्देशातल्यांची घरची देवी. आजवर ती गावचं घर सोडून कुठे गेलेली नाही. पण भाऊ सगळे शहरात, गावी कोणाला राहायला नको, रजा नाहीत. मी आवाज चढवून म्हणालो, "नाना, औंदा कानबाई जळगावले मन्हा फ्लॅटमाच बसाडूत. चाली ना?"

नाना खिडकीबाहेर पाहत होते. माझ्याकडे वळून मान हलवली. "हा, हा."

मी वाद घालायची जय्यत तयारी करून बसलो होतो, आणि काम एका वाक्यात झालं. पुन्हा विचारावं असं क्षणभर वाटलंही होतं. विचारलं नाही. घरी पोचल्याबरोबर सगळ्या भावांना फोन केले, नानांनी होकार दिलाय म्हणून.

कानबाईच्या आदल्या शनिवारी त्यांना आणायला गावी गेलो. ओसरीची भिंत सणासाठी नुकती चुन्याने पांढरी केली होती. नाना खाली चादर पसरून गहू निवडत बसले होते. आमच्याकडे कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. एकेकाचं नाव घेत ते मूठ सुपात टाकत होते. माझं नाव घेतलं, मग मला पाहिलं आणि हसले. "लवकर उना? बठ्ठा कव्हय येतीन?"

बाकीचे सगळे इथे कधी येणार, हे ते मला विचारत होते. "नाना, मी गाडीमा सांगं होतं ना. जळगावले बसाडनी शे."

"गाडीमा? गाडीमा ते मी मशीन काढी ठेवस. नवा टायर लई घुमतस." शर्टाचा खिसा त्यांनी थोपटला.

"मंग हा हा काब्र म्हनेत?"

नानांनी गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू इतला हौशीतून टायर लिधात. ऐकू येत नही सांगतू त तुले वाईट वाटतं."

मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. मी खाली बसलो आणि म्हणालो, आत्ता सगळ्यांना फोन करतो, इथेच बसवू. नानांनी नको म्हणून मान हलवली. "बठ्ठास्ले सांगी टाकं ना? मंग राहू दे." त्यांनी पांढऱ्या भिंतीकडे एकदा पाहिलं. मग सुपातला गहू धोतराच्या धुतलेल्या फडक्यात बांधला आणि उठले.

टायर मी पुढे बदललेच, परत १८५/५५ घेतले. त्याने मला बरं वाटलं नाही. मला आठवतं ते त्या शनिवारचं येणं. नाना गव्हाचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. गाडी हायवेला लागली, घरघर सुरू झाली. त्यांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं, त्या आवाजाने डोळे बारीक केले आणि माझ्याकडे तोंड करून बसले. मी काय सांगतो ते या वेळी नीट ऐकायचं होतं त्यांना. जळगाव येईपर्यंत ते तसेच बसून होते, आणि मला एक शब्द सुचला नाही.