बंदीतला वास

बायकांच्या तपासणीत काम केलं की किस्से आपोआप साचतात. फक्त जेवताना सांगता येत नाहीत! मालवणजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून आम्ही दर बुधवारी बायका तपासतो. दहा जणींना बोलवायचं, तीन येतात, त्यातली एक बीपी मोजायला.

* * *

आमच्या डॉक्टर मॅडम घाटावरच्या. पहिल्याच बुधवारी त्यांनी समजावलं, की योनीमार्गात चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते कमी झाले की वाईट जंतू वाढतात आणि कॅन्सर करणारा विषाणूही मुक्काम लांबवू शकतो. बायकांनी माना डोलावल्या.

पुढच्या बुधवारी एक जण वाटीभर दही घेऊन आली. "घरचा आसा," म्हणाली.

तिकडे काही लावायचं नाही, साधं पाणी पुरे, असं तिला सांगून मॅडमनी दही भातावर घेतलं.

* * *

तपासताना पातळ व्हिनेगर लावतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते. निवृत्त फिलोमिना टीचरनी टेबलावर आडव्या पडूनच विचारलं, "माडाच्या माडीचं, घरचं आहे की दुकानातलं?"

दुकानातलं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. तपासणीत काहीच निघालं नाही, तरी नाराजी राहिली ती राहिलीच.

* * *

शेवंता मासळीबाजारात बसते. मधूनच रक्ताचा डाग दिसतो, असं तिने सहज सांगितलं. वास येतो का, विचारलं तर म्हणाली, "मासळी विकतंय मी. मासळीचो येवचो नाय तर काय मोगऱ्याचो येतलो?"

आता जंतू बिघडल्याचं लक्षण नेमकं मासळीसारखा वास हेच! त्यात ही बया दिवसातून दोन वेळा साबणाने आतून धुवायची. तपासून न घेताच उठून गेली. मला राग आला, आणि खरं सांगते, भीतीही वाटली.

त्यानंतर बाजारात मी तपासणीचा विषय काढला की ती पिशवीत दोन बांगडे जास्त टाकायची. तीन महिने घरी बांगडेच बांगडे.

* * *

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, बाजार ओस पडला. एका बुधवारी शेवंता दारात उभी. आवाज अगदी खाली.

"सिस्टर, बंदी लागान पंदरा दिस झाले. हाताचो वास गेलो. ह्यो जाणा नाय."

व्हिनेगर लावल्यावर पांढरा डाग दिसला. जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. तिथेच उपचार झाले, जंतूंवरच्या गोळ्याही मिळाल्या. निरोप आला तेव्हा मी औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

त्यानंतरच्या बुधवारी दार उघडलं, तर शेवंता. मागे बाजारातली अख्खी रांग, सात जणी, न्हाऊन, मोगरा माळून.

"ह्यांची पण बंदीच आसा," ती म्हणाली. "आता इचार गो त्यांका वासाचा."