मनातले दोन मिलिमीटर

आबिड्समधल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात माणूस टिकत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की ऐकणारे आता मान हलवून विषय बदलतात. कारणही मीच सांगायचो. लोकांना शिकायचंच नसतं. चार दिवसांत सगळं यायला हवं असतं आणि जरा आवाज चढवला की राग येतो. तारनाक्याचा एक जण सात-आठ महिने होता, हुशार होता, पण त्याची मापं सारखी चुकायची. शेवटी मी त्याला काढून टाकलं. मला वडिलांनी एका वाक्यात शिकवलं होतं, शेजारी उभा राहा आणि बघ. मी बघितलं आणि शिकलो. मग यांनाच काय धाड भरते?

त्या वर्षी मात्र गरज माझी होती. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू मी तीन-चार वर्षं टाळत आणला होता. डॉक्टरांनी अखेर ऑपरेशनची तारीख देऊन टाकली आणि पंधरा दिवस दुकानात पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं. पंधरा दिवस कुलूप लावणं माझ्या जिवावर आलं होतं. वडील गेले तेव्हासुद्धा दुकान चौथ्या दिवशी उघडलं होतं. म्हणजे दीड महिन्यात कुणाला तरी तयार करणं भाग होतं.

दिलसुखनगरहून मेट्रोने येणारी एक बाई मिळाली. पस्तिशीची, दोन मुलांची आई, घरात मराठी, बाहेर तेलुगू. गिऱ्हाइकाशी गोड बोलायची, कुठली फ्रेम कुणाला शोभेल ते बरोबर सांगायची. पण तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं, आणि त्याने माझं डोकं उठायचं.

चष्म्यात खरी मेख असते दोन बुबुळांमधल्या अंतराची. ते मोजून भिंगाचा मध्य बरोबर डोळ्यासमोर आणावा लागतो. तो हलला तर नंबर बरोबर असूनही माणसाला गरगरतं. मोजायला आता यंत्रं मिळतात, पण माझा हात वडिलांच्या पट्टीवर बसलेला. पट्टी अशीच का धरायची, मान अशीच का वळवायची, ती विचारायची. आधी बघा, मग विचारा, मी म्हणायचो. तिने पट्टी धरली की दोन मिनिटांत मीच ती काढून घ्यायचो, कारण मला तेवढाही धीर नव्हता. मग ती वहीत काहीतरी लिहीत बसायची. हे काम हाताने शिकायचं असतं, वहीने नाही, असंही मी तिला सुनावलं.

ऑपरेशनला बारा दिवस उरले तेव्हा मी तालीम म्हणून मागच्या स्टुलावर जाऊन बसलो आणि मापं तिला घेऊ दिली. आठवडाभरात तीन चष्मे परत आले. तिसरा आणला तो एका निवृत्त मास्तरांनी, आमच्या वडिलांच्या वेळच्या गिऱ्हाइकाने. चष्मा काउंटरवर ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मियाँ, ये पैने सो सर घूमरा मेरा."

चष्मा घातल्यापासून डोकं गरगरतंय म्हणे. मी तिन्ही चष्मे तपासले. तिन्हींत अंतर दोन मिलिमीटरने कमी. मास्तरांच्या देखतच मी तिच्यावर घसरलो.

"डोळे आहेत की बटणं?" आणखीही बरंच बोललो. ऑपरेशन पाच दिवसांवर आलं होतं आणि माझा सगळा दीड महिना पाण्यात गेला होता.

ती रडली नाही. वही उघडून तिने माझ्यापुढे सरकवली. "काका, तुम्ही करता तस्संच केलं मी. वाचून बघा."

वही मराठीत होती, पण इंग्रजी अक्षरांत. देवनागरी तिला जड जायची. मी अडखळत वाचलं. मान डावीकडे. उजवा डोळा बंद. गिऱ्हाइकाने काकांच्या डाव्या डोळ्यात बघायचं. पट्टी लावायची. आकडा लिहायचा.

उजवा डोळा बंद? मी मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि पट्टी लावली. मान आपोआप डावीकडे गेली, उजवा डोळा मिटला. पट्टीवर बासष्ट दिसत होते. मी कागदावर लिहिले चौसष्ट.

मी पट्टीवरचा आणि कागदावरचा आकडा पुन्हा ताडून पाहिला. हे माप दोन्ही डोळ्यांनी घ्यायचं असतं, एकदा हा मिटून, एकदा तो मिटून. वडील तसंच घ्यायचे. उजव्याने धूसर दिसायला लागल्यावर मी तो मिटूनच घेऊ लागलो, माप कमी भरायला लागलं, आणि केव्हातरी मी मनातल्या मनात दोन मिळवायला लागलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. तिने माझं सगळं बघून उचललं होतं, फक्त माझ्या डोक्यातलं तिला दिसलं नव्हतं.

मी तिला ते सांगितलं. चुकलो, एवढा एक शब्द मात्र माझ्या तोंडून निघाला नाही. त्याची आजही लाज वाटते. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं, दोन्ही डोळ्यांनी माप कसं घ्यायचं तेसुद्धा, आणि मास्तरांचं माप नव्याने घेतलं. चौसष्ट आलं.

मास्तर गेल्यावर पट्टी पुसत ती म्हणाली, "काका, ते तारनाक्याचे, ज्यांना तुम्ही मागल्या वर्षी काढलं. त्यांचं माप कितीने चुकायचं?"

"दोनने," मी म्हणालो.