सावेताबाई पडतात कशा

सावेताबाई दुसऱ्यांदा पडल्या, तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंझहून त्यांची लेक नेवेंका धावत आली, ती मनात पाल चुकचुकतच. एरवी ही पोर ईस्टरला आणि घरच्या संताच्या सणाला, एवढीच उगवायची. सावेताबाईंच्या कमरेपासून मांडीपर्यंत वांग्याच्या रंगाचा डाग होता. कशी पडलीस म्हणून विचारलं की एकच उत्तर: दोन्ही खिडक्या उघड्या राहिल्या, आरपार वारा लागला, चक्कर आली. आमच्या ट्रस्टेनिकमध्ये, म्हणजे सगळ्या सर्बियातच, वाऱ्याच्या नावावर काहीही खपतं. नेवेंका मात्र आता ऑस्ट्रियाची, आणि तिथे वाऱ्याने माणसं पडत नाहीत म्हणे.

आणि सावेताबाई काही नाजूक बाई नव्हेत. जन्मभर कारखान्याच्या कँटीनमध्ये हंड्याएवढी पातेली उचललेली. नवरा गेल्यावरही लाकडं स्वतः फोडायच्या. अशी बाई उगाच कोसळते? कुठेतरी पाणी मुरतंय, असं नेवेंकाने ठरवूनच टाकलं. आता एकदा जरी पडली तरी खुबा मोडेल आणि आई अंथरुणाला खिळेल, या भीतीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आधी तिने गालिचे धरले. सावेताबाईंनी स्वतः विणलेले ते गालिचे गुंडाळून कपाटावर गेले. "मी मेल्यावर उचलायचे ते, तुला भारीच घाई," म्हातारी म्हणाली. मागून उघड्या चपला कचऱ्यात गेल्या, न्हाणीत धरायला दांडा आला. मग आलुबुखाराच्या दारूच्या बाटलीवर नेवेंकाने गुपचूप पेन्सिलीने खूण केली. दारू खुणेखाली उतरली नाही. त्याने संशय फिटायचा सोडून वाढलाच. हिने दुसरी बाटली लपवली असणार, म्हणून बयेने पिठाचा डबासुद्धा उपसला.

एवढं करूनही सकाळी कॉफीनंतर आईचा तोल जायचाच. कॉफीनंतरच का? आणि कॉफीला रोज कोण येतं? समोरची कोसारा! नवरा गेलेली, मूलबाळ नाही, पेन्शन जेमतेम, आणि भाचा स्वस्तातलं घर शोधतोय. संशयाला आणखी काय लागतं? शिवाय दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघराचं दार लावून बसत आणि लेकीला ताकास तूर लागू देत नसत.

एका सकाळी कपडे वाळत घालायचं निमित्त करून नेवेंका स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. कोसाराने सावेताबाईंच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, मान हलवली, आणि एप्रनच्या खिशातून एक गोळी काढली. "घे. आमच्या मिलिसावला हिनेच उतार पडायचा." मिलिसाव म्हणजे कोसाराचा नवरा, त्याला मातीत जाऊन कैक वर्षं झाली होती! डॉक्टरने दिलेली रक्तदाबाची गोळी आधीच पोटात असताना सावेताबाईंनी हीसुद्धा कॉफीबरोबर गिळली. थोड्या वेळाने कप विसळायला उठल्या आणि भेलकांडल्या. टेबल हाताशी आलं म्हणून वाचल्या.

नेवेंका आत घुसली आणि तिने कोसाराला नको नको ते सुनावलं. घरावरचा डोळा, भाचा, विष, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. कोसारा अर्धी कॉफी टाकून निघून गेली.

"तुला कळत नव्हतं, आई?"

"पहिल्यांदा पडले तेव्हाच कळलं होतं," सावेताबाई म्हणाल्या.

"मग गिळत का राहिलीस?"

"नाही म्हटलं की ती दुखावते. दुखावली की येत नाही. मागे एकदा तिच्या केकला नाव ठेवलं, तर अख्खा हिवाळा फिरकली नाही. मी भिंतींशी बोलत होते तेव्हा." मग लेकीकडे न बघताच म्हणाल्या, "ती रोज येते गं."

दुसऱ्या दिवशी कॉफीची वेळ झाली तरी कोसारा आली नाही. सावेताबाई खिडकी सोडेनात आणि अन्नालाही शिवेनात. नेवेंका गल्ली ओलांडून कोसाराच्या दारात गेली.

कोसाराने दार बोटभरच उघडलं. "आता काय, झडती घ्यायला आलीस?"

नेवेंकाने माफी मागितली. पूर्वीसारखं कॉफीला या म्हणाली, फक्त तेवढी गोळी आणू नका.

कोसाराने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "या हातांनी आता केक होत नाही, पोरी. विकत आणायला पैसे नाहीत. गोळ्या तेवढ्या उरल्यात घरात. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

नेवेंका म्हणाली, "मावशी, रिकाम्या हातानेच या. आई उठते तेव्हा कोणीतरी शेजारी उभं राहायला हवं."

"ते राहीन मी," कोसारा म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. "आणि तू कुठे असशील?"

नेवेंकाची लिंझला परतायची बस रविवारी होती.