पडद्याचं दुसरं टोक

"वाळल्याबिगर गाठ सोडू नये, हे बाबांनी कोणाले शिकवलं होतं? तुले का मले?"

"बाबांचा रंग येगळा होता, कौसल्या! हा ॲक्रिलिक हाय. हा वाळला का मेला!"

"मले काय माहीत वं, मेला का जिता! तू सांगून गेली, सोडून ठेवजो. मी हात लावून पाह्यला त वलं गच्च. म्हटलं रंग पळन, पांढरं खराब होईन. म्हणून उन्हात ठेवलं. भलं केलं त माह्यावरच बोंबलून राहिली!"

"चैताच्या उन्हात? अवं, पापड भाजून निघते तिथं!"

मी दारातच थांबले. आमच्या नाटकाचा पडदा न्यायला आले होते. प्रयोगाला दोन दिवस उरले होते. गांधीबागेच्या मागच्या अंजनाबाईंच्या अंगणात पडदा होता खरा, पण घड्या घालून, दोऱ्यानं आवळून, मांडीएवढ्या जाड निळ्या ओंडक्यासारखा. मी बोटानं टकटक केली. लाकडासारखा वाजला.

"वाजव, वाजव," अंजनाबाई मला म्हणाल्या. "तबला म्हणून घेऊन जा नाटकात."

ही गोष्ट चौऱ्याऐंशीची. अंजनाबाई आणि कौसल्याबाई या सख्ख्या बहिणी, अंजनाबाई थोरल्या, वडील रंगारी. लहानपणापासून दोघी समोरासमोर बसायच्या. मध्ये ओढणी ताणलेली, एक टोक हिच्या गुडघ्याखाली, दुसरं तिच्या. चिमटीत कापड धरायचं, दोरा आवळायचा, पुढची गाठ. रंगात बुडवून, वाळवून गाठी सोडल्या की प्रत्येक गाठीच्या जागी पांढरा ठिपका. वडील गेले तरी काम सुटलं नाही. मग बाजारात छापील ठिपक्यांच्या ओढण्या आल्या आणि शेठ लोकांनी हातच्या बांधणीचं काम देणं बंद केलं. कौसल्याबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. अंजनाबाईंनीच स्थळ शोधलं: मौद्याच्या शाळेतले शिपाई रुपराव, बायको वारलेली, दोन मुली. कौसल्याबाई नाही नाही म्हणत असताना लग्न लावून दिलं, स्वतः मात्र एकट्याच राहिल्या. त्याला आता पाच वर्षं झाली होती. मौदा एसटीनं तासाभरावर, पण अंजनाबाई तिथे एकदाही गेल्या नव्हत्या.

आमचे नेपथ्यकार मधुकरराव अंजनाबाईंकडे गेले ते नाटकाच्या पडद्यावर बांधणीचं आभाळ मागायला. कापडी पडदा पंख्याच्या वाऱ्यानं हलतो, म्हणून ते कॅनव्हास आणि ॲक्रिलिकच्या बाटल्या घेऊन गेले. अंजनाबाईंनी कॅनव्हास चाचपला. "हे कापड होय का ताडपत्री? याची बांधणी करू का याच्याखाली लग्न लावू?"

पण दुसऱ्या दिवशी बसल्याच. पहिला तुकडा बिघडला. रंग नुसता वर बसला. मग त्यांनी कॅनव्हास धुऊन त्याची कांजी काढली, रंग ताकासारखा पातळ केला आणि ओल्या कॅनव्हासवर ओतला. तो आतपर्यंत गेला, पण मग वडिलांच्या रिवाजानं वाळेपर्यंत थांबल्या आणि घड्याच एकमेकींना चिकटल्या. ओढून सोडवताना पांढऱ्या जागा सोलवटून निघाल्या. असे बरेच तुकडे वाया गेल्यावर त्यांना उमगलं की हा रंग निथळला की लगेच गाठी सोडायच्या. कडा थोड्या फुटतात, पण त्या फुटण्यातच चंद्राला खळं पडल्यासारखं काहीतरी दिसतं. ते पाहून मधुकररावांनी तुकडा उजेडात धरला. मग म्हणाले, आता हेच मोठ्या पडद्यावर.

मोठ्या पडद्याला एकटं माणूस चुण्या घालू शकत नाही. लहान तुकडे अंजनाबाई खिडकीच्या गजाला बांधून ओढायच्या. एकदा मी बाहेरून ऐकलं, "ढिलं नोको सोडू वं, कौसल्या." वाटलं, बहीण आली. आत गेले तर खोलीत त्या आणि गज. मला पाहून हसल्या. "अवं, बोलल्याबिगर हात चालत नाही माहा."

"आमची दोन पोरं पाठवू का धरायला?"

"नाटकातले? मिशा चिकटवाले सांग त्याईले."

शेवटी त्यांनी मौद्याहून येणाऱ्या भाजीवाल्याजवळ निरोप दिला: पडदा मोठा हाय, टोक धराले ये. एवढाच. कौसल्याबाई दुसऱ्याच दिवशी हजर. त्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून चुण्या घातल्या, बांधलं, रंग ओतला. मग अंजनाबाई पडदा टांगायच्या कड्यांचं विचारायला मधुकररावांकडे गेल्या. तिथे उशीर झाला. तेवढ्यात हे घडलं होतं.

आता अंजनाबाई खाली बसून एक चुणी उकलू पाहत होत्या. चर्र आवाज आला. निळ्याखालचं पांढरं फाटलं.

"कॅनव्हास अजून आहे," मी म्हणाले. "दोघी असलात तर होईल."

"ऐकलं का बाई?" कौसल्याबाई म्हणाल्या. "दोघी असल्या त."

"तुही चार वाजताची बस हाय."

"मी बसचं इचारलं का तुले?"

"पोरी वाट पाहत असतीन."

"पोरी मोठ्या झाल्या. भाकरी टाकता येते त्याईले. अन् पोरीईची एवढी काळजी, त पाहाले काहून नाही आली कधी? दिवाळीले बोलावलं, नाही आली. मी तापानं पडली, नाही आली. अन् पडदा आला त निरोप! टोक धराले! टोक त ही पोरगीही धरन."

"तिले चुण्या घालता येत नाही."

"बाई." कौसल्याबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. आवाज एकदम उतरला. "पडद्याचं राहू दे. मले एवढंच सांग, तुले घर खाले उठते का नाही?"

अंजनाबाईंनी नखानं दुसरी गाठ खरवडली.

"मौद्यात घर भरलेलं हाय. तरी संध्याकाळी माहे हात समोर जाते, कोणी टोक धरलं असन म्हणून. तुले होते का असं? होत असन त म्हण, राह्य कौसल्या. मी राहते. पडदा गेला खड्ड्यात. पण म्हण वं एकदा."

ज्या बहिणीला नको नको म्हणत असताना आपण बोहल्यावर उभं केलं, तिला आता राहा म्हणायचं, तर तेव्हा काय केलं होतं आपण, हेच त्यांच्या मनात असावं. अंजनाबाईंचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणतील. बोटं तेवढी गाठीवर फिरत राहिली, रंगानं निळी, नखं तुटलेली.

"बाई, म्हणशीन ना?"

अंजनाबाई उठल्या. पायात चपला सरकवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या अंगाला अंग घासून, दारातून बाहेर, बाजाराच्या दिशेनं, चारची बस सुटेपर्यंत परतायचंच नाही अशा घाईनं चालत्या झाल्या.