अंड्यांची पेटी आणि दुपारची टकटक

एकोणीस जानेवारी. काम : जावेच्या अंडी उबवायच्या पेटीचा बोर्ड, तिसऱ्यांदा.

गेवराईत माझं मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशी उलटल्यावर मोबाईलवर बघून बघून छोट्या कंट्रोलर बोर्डांवर हात बसवला आणि धाकट्या जावेला ही पेटी करून दिली. थर्माकोलचा मोठा खोका, चार बल्ब, एक सेन्सर आणि तळहातावर मावेल एवढा बोर्ड. पेटी गार झाली की बोर्ड रिले, म्हणजे बल्बांचा आपोआप चालणारा स्विच, ओढतो आणि बल्ब लागतात. पुरेशी ऊब आली की विझतात. बोर्डाला वीज मिळते ती मोबाईलच्या साध्या चार्जरमधून.

जाऊ उमापूरजवळ शेतात वस्तीवर राहते. आसपासच्या बायका तिला गावरान अंडी अर्धलीनं देतात. निघालेली निम्मी पिल्लं बाईची, निम्मी जावेची. दिवाळीनंतरची पहिली खेप सगळी वाया गेली होती. शेजारच्या वस्तीवरची एक बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "नुसती उकडून तरी द्यायचीस, मीठ लावून खाल्ली असती." तरीही बायकांनी दुसरी खेप दिली, या बाईनंही दिली. हीसुद्धा गेली तर पुन्हा कुणी अंडं देणार नाही, हे जावेला ठाऊक होतं. अंडी पेटीत ठेवून दोन आठवडे झाले होते.

तक्रार दर वेळी तीच. दुपार झाली की रिले टकटक करू लागतो, स्क्रीन विझते, लागते, पुन्हा विझते. दुकानात आणून लावला की बोर्ड गुमान चालतो. पहिल्यांदा मी चार्जर बदलला. दुसऱ्यांदा केबल बदलली, कारण बारीक तारेच्या स्वस्त केबलीत अर्धी वीज वाटेतच मरते. वर एक कपॅसिटर डकवून दिला, म्हणजे रिले ओढताना बोर्डाला झटका बसू नये. दोन्ही वेळा जावेचा सकाळी फोन, "अक्का, मस्त चालू हाय," आणि संध्याकाळी फोन, "अक्का, परत टकटक करायलंय." बोर्ड माझ्याकडे असला की ती बल्ब हातानं लावत-विझवत पेटीशेजारी बसायची. झोप नाही, स्वयंपाक नाही.

या वेळी मी बोर्ड दुकानात ठेवून घेतला नाही. शटर ओढलं, मीटर, पक्कड, पॉवर बँक पिशवीत टाकली आणि स्कूटीवर निघाले. कंटाळा आला होता. स्वतः केलेल्या वस्तूची दुरुस्ती सर्वांत जास्त दमवते, दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

वस्तीवर दीर बाजेवर बसले होते.

"या वहिनी. तुमच्या हाताला गुण हाय, पर जाताना तो संगच घेऊन जाता तुमी."

"चहा नको, भाऊजी. कामाला आले."

"म्या कुटं इचारला?"

बोर्ड जोडला. बारा वाजता पेटी नीट चालत होती. जाऊ म्हणाली, "सकाळी गरिबावानी असतंय. दुपारचं अंगात येतं त्याच्या."

जेवून आम्ही तिथंच बसून राहिलो. तिसऱ्या प्रहरी अंगात आलं. बल्ब लागले, त्याच क्षणी स्क्रीन गेली. बोर्ड मेला म्हणून रिले सुटला, बल्ब विझले. बल्ब विझताच बोर्ड पुन्हा जागा झाला, पेटी गार दिसली, त्यानं बल्ब लावले. टक, टक, टक. पेटीतल्या तापमापकाचा काटा हळूहळू खाली चालला होता आणि जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी चार्जर काढला आणि बोर्ड पॉवर बँकेवर टाकला. टकटक थांबली. बोर्ड शांत, रिले ओढलेला, बल्ब लागलेले. पण बल्ब कसले, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे तांबडे. म्हणजे बोर्ड, केबल, कपॅसिटर, सगळे निर्दोष होते. मीटर सॉकेटात घातला. बल्ब बंद असताना दोनशे तीस. बल्ब लावले की नव्वदीच्याही खाली. एवढ्यावर चार्जर चालेल कसा?

"भाऊजी, लाईट कुठून घेतली?"

"खांबावरनं. आनि कुटनं?"

"दोन्ही तारा?"

जाऊच म्हणाली, "दिवाळीच्या टायमाला वाऱ्यानं एक तार तुटली. ह्यांनी मागं सळई ठोकली."

गोठ्यामागं गेले. म्हशीच्या हौदाला लागून एक लोखंडी सळई जमिनीत ठोकलेली, तिला घरातून आलेली वायर गुंडाळलेली. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत जायच्या तारेच्या जागी जमीन! हा उद्योग आमच्याकडे वस्तीवस्तीवर चालतो. ओल असेपर्यंत जमीन वीज वाहून नेते. सकाळी म्हशी धुतात, ते पाणी सळईपाशी मुरतं, पेटी दुपारपर्यंत चालते. भुई वाळली की वीज अडते, आणि चार बल्बांचा भार आला की व्होल्टेज कोसळतो.

बल्ब लावलेले असताना, लांब उभं राहून, सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी फेकलं. आत जावेचा आवाज, "लागले, लागले! पांढरे झाले!"

दीर खूश. "मंग झालं की! रोज दोन घागरी वतू. एवढ्यासाठी गेवराईहून आलाव व्हय?"

"म्हैस दुपारची हौदाला तोंड लावते का?"

"न्हाई. सळई ठोकली तवापसनं बिचकती. कावून?"

"तिला झिणझिण्या येतात म्हणून. ओल्या जागी उद्या तुमचाच पाय पडेल."

"उद्या बोलावतो वायरमनला."

त्यांचं उद्या मी लग्न होऊन आल्यापासून ओळखते. खांबाकडच्या स्विचचे फ्यूज त्यांच्याच हातानं काढायला लावले, टेस्टर लावून बघितला आणि सळईची वायर तोडली.

"आता रातच्याला अंधारात बसायचं का आमी?"

"बसा. नवी तार ओढून घ्या, मग उजेड."

उमापुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, कडबा आणि पेंडीची पोती भरलेलं. तिथं गावठाणची लाईट, दोन्ही तारा धड. जावेनं अंडी टोपलीत वाकळेच्या घडीत ठेवली, टोपली मांडीवर घेऊन माझ्या मागं बसली आणि गाव येईपर्यंत "हळू, अक्का, हळू" एवढंच म्हणत राहिली. दिरांनी खोका मोटारसायकलला बांधून आणला, तोंड फुगवून, पण आणला. पोती सरकवून जागा केली. मीटर लावला, बल्ब लावले, दोनशे पंचवीस. दिवस बुडेपर्यंत पेटी तापली आणि टकटक नाही. आम्ही दोघी पोत्यांवरच आडव्या झालो. कमरेचा काटा ढिला झाला होता. जावेनं विचारलं, "जिती असतील का?" मी म्हणाले, "सकाळी बघू." खोटा धीर द्यायचं त्राण नव्हतं.

सकाळी दार लावून खोली अंधारी केली आणि एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघायला बसले. आत जीव असला की लाल शिरा दिसतात आणि काळं काहीतरी हलतं. नसला की नुसतं पाणी डुचमळतं. बातमी लागल्यामुळं तीन-चार बायका आल्या होत्या, उकडून मीठ लावायचं बोललेली ती मीठवालीही. प्रत्येकीच्या अंड्यांवर जावेनं कोळशानं वेगळी खूण केली होती. निम्म्याहून जास्त जिवंत निघाली. मेली ती बहुतेक कोपऱ्यातली, बल्बांपासून लांबची, आणि त्यातली बरीच नेमकी मीठवालीची. जावेनं ती स्वतः उचलून तिच्यासमोर ठेवली. म्हणाली, "मावशी, तुमची चारच ऱ्हायली."

बाईनं एक अंडं हातात घेऊन कानाशी हलवलं, खाली ठेवलं.

"फुडल्या येळंला माजी मधी ठिव. कोपऱ्यात तुज्या नवऱ्याला बसीव."

बायका हसल्या. जाऊ हसली नाही, ती चार अंडी उचलून मधोमध ठेवू लागली. मी मेलेली अंडी घमेल्यात भरली, खोरं घेतलं आणि उकिरड्यामागं पुरायला गेले.