ज्वारीचा मावा कलकत्त्याला

हावड्याला उतरलो. हमालाने माझ्या खोक्याला हात घातला, मलमलीतून आत पाहिलं आणि हात मागे घेतला. "अरे, ये तो पोका (किडे) हैं!"

"हां भाई, वही पहुँचाने हैं," मी म्हटलं.

खोक्यात ज्वारीच्या रोपांच्या कुंड्या आणि रोपांवर मावा. आमच्या नगरकडच्या सरकारी संशोधन शेतावरून तो इथल्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. ज्वारीवरचा हा किडा गव्हावर, सातूवर, भातावर कितपत तग धरतो, ते तिथल्या डॉक्टरबाबूंना पाहायचं होतं. माझी शाळा सातवीतच सुटलेली. शेतावर मी रोजंदारीवर, तरी तिथल्या साहेबांनी माझंच नाव सुचवलं. "मावा जिवंत पोचव, म्हणजे तुला कायम करा असं मला ठासून सांगता येईल," म्हणाले. त्यामुळे गाडीत लोक डबे उघडून जेवत होते आणि मी प्रत्येक स्टेशनावर मलमल उचलून बघत होतो. हावड्याचा तो एवढा मोठा पूल, पण ट्राममधून तोही धड पाहिला नाही.

बागबाजारात साहेबांचे मेहुणे राहत, बदलीवर आलेले. त्यांच्या बायकोला मी काकूच म्हणू लागलो. काकूंनी आंघोळीला गरम पाणी दिलं, भात, डाळ, बेगुनभाजा (वांग्याच्या तळलेल्या चकत्या) वाढला. "भाकरीची आठवण काढू नकोस रे बाबा. इथे ज्वारी डोळ्यांना दिसत नाही."

रविवार, प्रयोगशाळा बंद. कुंड्या गॅलरीत ठेवल्या. शेजारचे हालदारदा डोकावले.

"बर्गी आले!" (मराठी स्वारांना इकडे बर्गी म्हणतात; त्यांच्या भीतीने पूर्वी कलकत्त्याभोवती खंदक खणला होता.) "आधी घोडे आणलेत, आता किडे? तुमच्यासाठी खणलेला खंदक आम्ही उगाच बुजवला!"

सगळे हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "लेकिन भाई, ये धान खायेगा?" गावी त्यांच्या भावाची भातशेती होती. "वही तो देखना है," मी म्हटलं.

सकाळी गॅलरीत गेलो तर सगळी रोपं राखाडी. काकू हातात चाळण घेऊन उभ्या, चेहरा समाधानाने फुललेला.

"केवढा रे मावा पडला होता तुझ्या झाडांवर! साताऱ्याला घेवड्यावर आम्ही अशीच राख चाळतो. शेणीची नाही मिळाली, शेगडीतली घेतली."

रागावणार कुणावर? त्यांनी माया केली होती. पानांवरचा मावा राखेखाली निपचित पडला होता. मी एका रोपाचा पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उलगडला. तळाशी निळसर हिरवे ठिपके. एक ठिपका हलला.

"काकू, आता हात लावू नका. यांना जगवायचंय."

"अगंबाई! किडे जगवायचे?" त्यांनी चाळण पदराआड लपवली.

प्रयोगशाळेत मी राखेचं सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टरबाबूंनी भिंग लावलं. "बेंचे आछे," (जिवंत आहेत) म्हणाले, आणि मला बसायला स्टूल दिलं.

पुढे कुंड्यांची देखभाल माझ्याकडेच आली. मावा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. सातूवर त्यांची अशी दाटी झाली की पान दिसेना. गव्हावर जगले, पण पसारा वाढला नाही. भातावर मात्र नुसते भटकले, खाली पडले, मेले. हालदारदांना सांगितलं तर ते संदेश मिठाईचा द्रोणच घेऊन आले. "बर्गी हरले! खा!"

निघताना काकूंनी वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. "त्या राखेचं मनात ठेवू नकोस हं," म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला.

साहेबांनी शब्द पाळला; मी कायम झालो. घरी पहिली भाकरी मोडताना वाटलं, भातावर मीही तसाच भटकत राहिलो असतो. पण बागबाजारात काकूंच्या रूपाने मला सातू भेटला होता.

काकूंना ज्वारीचं पोतं पाठवायचं ठरलं. कीड लागू नये म्हणून आईने ज्वारीत राख कालवायला घेतली. मी सूप बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "आई, राखेची आणखी एक ओंजळ घाल."